लेनी ब्रो : कंट्रीच्या अंगठ्यावर उभा राहिलेला जॅझ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गिटार शिकणारे, जॅझ ऐकायला लागलेले आणि अमेरिकी ग्रामीण परंपरेच्या 'कंट्री' संगीतातला गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्सपासून मागोवा घेत इथवर पोहोचलेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळख आणि काय ऐकावं, मग वाजवण्याचं तंत्र, शेवटी वादाचे मुद्दे. फक्त वाजवण्यासाठी आला असाल तर थेट प्रश्न ७ वर जा.

१. लेनी ब्रो नेमका कोण?

जन्म ५ ऑगस्ट १९४१, ऑबर्न, मेन (अमेरिका). वडील हॅल 'लोन पाइन' ब्रो आणि आई बेटी कोडी, दोघंही आरसीए रेकॉर्ड कंपनीसाठी गाणारे व्यावसायिक कंट्री गायक. आठव्या वर्षी हातात गिटार आली. चौदाव्या वर्षी तो आईवडिलांच्या बँडचा मुख्य गिटारवादक होता. तेव्हा त्याचं नाव लागायचं 'लोन पाइन ज्युनियर' आणि वाजवायचा मर्ल ट्रॅव्हिस आणि चेट अ‍ॅटकिन्सच्या धर्तीचं. १९५७ मध्ये कुटुंब कॅनडातल्या विनिपेगला गेलं आणि सीकेवाय रेडिओच्या 'कॅरॅव्हॅन' कार्यक्रमातून फिरतीवर गाऊ लागलं.

याच काळात त्याला जॅझची ओढ लागली. १९५९ च्या सुमारास कंट्री गाण्यात जॅझची उपज घातली म्हणून वडिलांनी त्याच्या थोबाडीत मारली आणि तो बँडमधून बाहेर पडला. पुढे विनिपेगचा पियानोवादक बॉब एर्लेंडसन याच्याकडे त्याने जॅझचा पाया पक्का केला. १९६२ मध्ये टोरांटोत डॉन फ्रँक्स आणि ईऑन हेन्स्ट्रिज यांच्याबरोबर 'थ्री' नावाचा गट काढला. विनिपेगला परत आल्यावर कॅनडाच्या सीबीसी रेडिओ-टीव्हीसाठी वाजवलं, स्वतःच्या नावाचा टीव्ही कार्यक्रमही केला. १२ ऑगस्ट १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्याचा मृत्यू झाला (प्रश्न १५).

२. शोधताना आडनावाचा घोळ होतो. उच्चार काय?

'ब्रो'. मूळ स्पेलिंग फ्रेंच वळणाचं, शेवटी ई-ए-यू असलेलं. मोबाइलला तोंडी सांगून शोधलंत तर भलतंच हाती लागतं, म्हणून पूर्ण नाव आणि सोबत एखाद्या अल्बमचं नाव टाइप करा.

३. इतका थोर होता तर मग आम्ही नावही कसं ऐकलं नाही?

कारणं सरळ आहेत. चेट अ‍ॅटकिन्समुळे आरसीएने त्याला घेतलं, पण त्या काळात अल्बम निघाले दोनच : १९६८ आणि १९६९ मध्ये. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं स्वतःच्या नावाचं काहीही नाही. साठच्या दशकापासून अमली पदार्थांचं व्यसन जडलं होतं, त्यामुळे काम सलग होत नसे. १९७० च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्डी पुन्हा येऊ लागल्या, पण छोट्या कंपन्यांकडून. दुकानात त्या कोणत्या खणात ठेवायच्या हाही प्रश्नच होता. कंट्रीच्या खणात जॅझवाले जात नाहीत आणि जॅझच्या खणात कंट्रीवाले.

आज त्याचं जे ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं मृत्यूनंतर बाहेर आलं. यात रँडी बॅकमनचा मोठा वाटा आहे. 'द गेस हू' आणि 'बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह' या रॉक बँडचा हा गिटारवादक विनिपेगमध्ये पोरवयात ब्रोकडूनच शिकला. 'गेस हू'च्या 'अनडन' या १९६९ च्या गाण्यातल्या जॅझ वळणाच्या कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) त्याच शिकवणीतून आल्या. पुढे बॅकमनने 'गिटारकाइव्ह्ज' हे लेबल काढून ब्रोच्या अप्रकाशित टेप प्रसिद्ध केल्या. १९९७ मध्ये कॅनडाच्या म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये ब्रोचं नाव दाखल झालं.

४. कंट्री आणि जॅझ यांचं मिश्रण म्हणजे नक्की काय? मला तर नुसता जॅझ ऐकू येतो.

सूर ऐकू नका, उजवा हात ऐका. ट्रॅव्हिस-अ‍ॅटकिन्स पद्धतीत अंगठा खालच्या (जाड) तारांवर एकाआड एक बास देत राहतो आणि बोटं वरच्या (बारीक) तारांवर धून वाजवतात. अंगठ्याला बोटांची पर्वा नसते आणि बोटांना अंगठ्याची. कंट्री गिटारची ही खरी कमाई आहे.

ब्रोने ही स्वतंत्रता जशीच्या तशी ठेवली आणि अंगठ्याचं काम बदललं. एकाआड एक बासच्या जागी त्याने बिल एव्हान्ससारख्या पियानोवादकाच्या डाव्या हाताची छोटी, तुटक कॉर्ड आणली. वर बोटं उपज करायला मोकळी. पिकने (तार छेडायच्या छोट्या पातीने) एकेक सूर वाजवत वाढलेल्या जॅझ गिटारवादकाला हे सहजी जमत नाही, कारण त्याचा अंगठा कधी वेगळा झालेलाच नसतो. म्हणून 'कंट्री सोडून जॅझकडे गेला' हे वाक्य आम्हाला चुकीचं वाटतं. त्याने काही सोडलेलं नाही. त्याचा जॅझ त्या अंगठ्याशिवाय उभाच राहत नाही.

५. पहिल्यांदा काय ऐकावं? कुठून सुरुवात करू?

कंट्रीकडून येत असाल तर 'स्टँडर्ड ब्रँड्स' (१९८१). चेट अ‍ॅटकिन्सबरोबरची ही जुगलबंदी आहे, कान लगेच रुळतो. त्यानंतर 'मायनर्स अलाउड' (१९७८). यात पेडल स्टील (पायातल्या पेडलनी सूर सरकवत वाजवायची आडवी गिटार) वाजवणारा बडी एमन्स आहे. पेडल स्टीलसारखं पक्कं कंट्री वाद्य जॅझच्या चालीत कसं बोलतं ते इथे कळतं.

जॅझकडून येत असाल तर 'द व्हेल्व्हेट टच ऑफ लेनी ब्रो' (१९६९). लॉस एंजेलिसच्या 'शेलीज मॅन-होल' क्लबमधलं थेट रेकॉर्डिंग, बासवर रॉन हॅल्डरसन आणि ड्रम्सवर रेग केल्न, दोघंही विनिपेगचे. 'द क्लॉ' ही जेरी रीडची कंट्री रचना याच मैफलीत आहे, ती चुकवू नका. त्यानंतर 'लाइव्ह अॅट बर्बन स्ट्रीट' : १९८३ ची टोरांटोची मैफल, फक्त गिटार आणि डेव्ह यंगचा बास, प्रकाशन १९९५.

एकट्या गिटारसाठी 'फाइव्ह ओक्लॉक बेल्स' (१९७९). शिकणाऱ्याने वर्षभर हीच एक रेकॉर्ड ऐकली तरी चालेल.

कुतूहल म्हणून 'द हॉलमार्क सेशन्स' ऐका. १९६१ मध्ये टोरांटोत वाजवलेलं आणि २००३ मध्ये बाहेर आलेलं. साथीला रिक डँको आणि लेव्हॉन हेल्म आहेत, जे पुढे 'द बँड' म्हणून जगभर गाजले. वीस वर्षांचा ब्रो किती तयार होता ते इथे समजतं.

६. 'व्हेन लाइटन स्ट्राइक्स' आणि 'स्विंगिंग ऑन अ सेव्हन-स्ट्रिंग' दोन्ही घ्यावेत का?

नाही. पहिला अल्बम १९८२ चा, दुसरा म्हणजे त्याचंच २००५ मधलं पुनःप्रकाशन. एकच घ्या. मात्र घ्याच, कारण 'ब्लू मून ऑफ केंटकी', 'बोनापार्ट्स रिट्रीट' अशा ठेवणीतल्या कंट्री चाली सात तारांच्या गिटारवर जॅझच्या अंगाने उलगडताना इथे ऐकू येतात. प्रश्न ४ चं उत्तर कानांनी हवं असेल तर हीच रेकॉर्ड.

'फाइव्ह ओक्लॉक बेल्स' आणि 'मो ब्रो' यांचंही तसंच आहे. सीडीवर दोन्ही एकत्र मिळतात, वेगवेगळे शोधत बसू नका.

७. एकच माणूस साथ आणि धून एकदम कशी वाजवतो? कुठून सुरू करायचं?

पूर्ण सहा तारांची कॉर्ड विसरा. कॉर्डचा स्वभाव ठरतो तिच्या तिसऱ्या आणि सातव्या स्वराने. तेवढे दोनच सूर चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर धरा (तारा बारीककडून जाडकडे मोजायच्या; फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर). मूळ स्वर बासवाल्याला द्या किंवा ऐकणाऱ्याच्या कानावर सोडा.

सी मेजरमधला सर्वांत नेहमीचा क्रम घेऊ :

डी मायनर सेव्हन : चौथी तार ३ रा फ्रेट (एफ), तिसरी तार ५ वा फ्रेट (सी).
जी सेव्हन : चौथी तार ३ रा फ्रेट (एफ), तिसरी तार ४ था फ्रेट (बी).
सी मेजर सेव्हन : चौथी तार २ रा फ्रेट (ई), तिसरी तार ४ था फ्रेट (बी).

प्रत्येक वेळी एकच बोट एकच फ्रेट सरकतं. आता दुसऱ्या तारेवर धून ठेवा : पहिल्या दोन कॉर्डवर ५ वा फ्रेट (ई), तिसरीवर ३ रा फ्रेट (डी). नऊ, तेरा अशा आकड्यांच्या भारी कॉर्ड ऐकू येतील आणि बोटं मात्र तीनच लागतील.

उजवा हात : अंगठा चौथ्या तारेवर, तर्जनी तिसरीवर, मधलं आणि अनामिका धुनेसाठी राखीव. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर. पहिल्या मात्रेला फक्त धुनेचा सूर आणि तो चारही मात्रा टिकवायचा. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला खालची दोन सुरांची कॉर्ड, तुटक. हे न अडखळता पाच मिनिटं चाललं की कॉर्ड दुसऱ्या मात्रेनंतरच्या अर्ध्यावर सरकवा. खरी परीक्षा इथून सुरू होते.

बिघडतं ते दोन ठिकाणी. कॉर्ड तोडताना डाव्या हाताची सगळी बोटं एकदम उचलली जातात आणि धूनही तुटते. धुनेचं बोट दाबूनच ठेवायचं, बाकीची दोन फक्त सैल करायची. दुसरं म्हणजे अंगठ्याचा आवाज बोटांपेक्षा मोठा होतो. अंगठ्याचा जोर निम्म्यावर आणा. साथ धुनेच्या मागे ऐकू यायला हवी.

८. तो झऱ्यासारखा खळाळणारा आवाज कसा काढतात?

याला हार्प हार्मोनिक्स म्हणतात. हार्मोनिक म्हणजे तार न दाबता तिला नुसतं बोट टेकवून काढलेला उंच, घंटेसारखा सूर. ही युक्ती ब्रोने अ‍ॅटकिन्सकडून उचलली आणि इतकी पुढे नेली की आज ती त्याच्याच नावावर ओळखली जाते. एक सूर हार्मोनिक, लगेच दुसऱ्या तारेवर एक साधा सूर, असं आलटून पालटून.

सुट्या तारांवर सुरू करा. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक सहाव्या तारेला १२ व्या फ्रेटच्या पट्टीच्या बरोबर वर अलगद टेकवा, दाबू नका. तर्जनीच्या मागे, ब्रिजच्या (गिटारच्या पोटावर तारा टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला, अंगठ्याने तीच तार छेडा. लगेच अनामिकेने तिसरी तार साधी छेडा. मग पाचवी हार्मोनिक, दुसरी साधी. मग चौथी हार्मोनिक, पहिली साधी. तसंच उलट या.

हार्मोनिकमुळे खालच्या तारा एक सप्तक वर चढतात, म्हणून सूर क्रमाने येतात : ई, जी, ए, बी, डी, ई. सलग चढता पाच सुरांचा आलाप, आणि प्रत्येक सूर वेगळ्या तारेवर असल्याने आधीचे सगळे घुमत राहतात. खळाळ येतो तो यामुळे.

आता डाव्या तर्जनीने ५ व्या फ्रेटवर सगळ्या तारा एकदम दाबून बार धरा. हार्मोनिकची जागा १२ फ्रेट पुढे, म्हणजे १७ व्यावर. सूर येतील ए, सी, डी, ई, जी, ए. हे बसलं की करंगळीने वरच्या तीन तारांवर ७ वा फ्रेट दाबून ५ व्यावर ओढत सोडा. बी आणि एफ शार्प मिळून पूर्ण ए डोरियन (ए ला षड्ज मानून काफी थाटाचे सूर) हाती येतं. ब्रोचे लांबलचक धबधबे अशा ओढींनीच बांधलेले असतात.

९. माझे हार्मोनिक्स वाजतच नाहीत, नुसता 'टक' आवाज येतो.

या क्रमाने तपासा. तर्जनी फ्रेटच्या मधल्या जागेत आहे का? ती धातूच्या पट्टीच्या नेमकी वर हवी, दोन मिलिमीटर चुकलं तरी सूर मरतो. बोटाचं पेर आडवं पडलंय का? फक्त टोक टेकवा. छेडल्यावर तर्जनी तिथेच राहते का? लगेच उचला. आणि अंगठा तर्जनीला चिकटून आहे का? त्यांच्यात जमेल तितकं अंतर ठेवा, छेड ब्रिजकडे सरकली की हार्मोनिक उजळतो.

हार्मोनिक वाजतो पण साधा सूर त्याला झाकून टाकतो, अशीही तक्रार येते. इथे अनामिका हलकी करा आणि अंगठ्याला थंबपिक (अंगठ्यात घालायची पिक) लावा (प्रश्न १३). बार धरल्यावरच आवाज मरत असेल तर दोष डाव्या हाताचा आहे. बार नीट दाबला जात नाही. जुन्या, गंजक्या तारांवर हे तंत्र शिकू नका, वरचे नाद त्यांच्यात उरलेलेच नसतात.

१०. हार्मोनिक्सचा हा क्रम आपल्या रागात बसवता येईल का?

सूर बसतात. सुट्या तारांवरचे ई, जी, ए, बी, डी घ्या. ई ला षड्ज मानला तर सा ग॒ म प नि॒, म्हणजे धानी. जी ला षड्ज मानला तर सा रे ग प ध, म्हणजे भूप. ए ला षड्ज मानला तर सा रे म प नि॒, म्हणजे मधमाद सारंगाचे सूर. भावगीताच्या किंवा सुगम गाण्याच्या सुरुवातीला, अंतऱ्यांच्या मध्ये हा तुकडा फार शोभतो.

मर्यादाही लक्षात घ्या. यात मींड नाही, न्यास मनासारखा ठेवता येत नाही, आणि भूपात धैवतापासून सुरुवात होते. हे रागाचे सूर आहेत, रागाचं चलन नाही.

११. यासाठी सात तारांची गिटार घ्यावी लागेल का?

नाही. प्रश्न ७ आणि ८ मधलं सगळं सहा तारांवर होतं आणि ब्रोच्या १९६० च्या दशकातल्या रेकॉर्डी सहा तारांच्याच आहेत. सात तारा नंतर आल्या, एक नायलॉनची आणि एक इलेक्ट्रिक.

घ्यायचीच असेल तर एक गोष्ट आधी विचारा. दुकानात मिळणाऱ्या सात तारांच्या बहुतेक गिटारींत जास्तीची तार खाली असते, जाड बी, मेटल संगीतासाठी. ब्रोची सातवी तार वर होती : पहिल्या ई च्याही वर एक बारीक ए. कॉर्ड खाली चालू असताना धुनेला वर मोकळं रान मिळावं म्हणून. दोन्हींचा उपयोग अगदी वेगळा.

१२. वरची ए तार लावताना दर वेळी तुटते. आणखी बारीक तार लावू का?

बारीक तारेने फरक पडणार नाही. तार कोणत्या सुरावर तुटेल ते तिच्या जाडीवर जवळजवळ अवलंबून नसतं. बारीक तारेला ताण कमी लागतो, पण तिची ताण सोसायची ताकदही तितकीच कमी असते. ठरवतात ते तारेचं द्रव्य आणि लांबी. त्याच तारेला ई वरून ए वर (४४० हर्ट्झ) न्यायचं तर ताण सुमारे पावणेदोन पट होतो. साडेपंचवीस इंचाच्या नेहमीच्या लांबीवर पोलादी तार तिथे तुटायच्या बेतातच असते.

उपाय तीन. कमी लांबीची गिटार : साडेतेवीस इंचावर त्याच सुरासाठी ताण सुमारे १५ टक्क्यांनी उतरतो. किंवा सगळी गिटार एक पूर्ण स्वर खाली लावा, म्हणजे वरची तार जी होईल, आणि मूळ पट्टी हवी तेव्हा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारी चिमटी). किंवा नायलॉन : ब्रोने सुरुवातीला योग्य जाडीची मासेमारीची दोरी लावली होती, पुढे ला बेला कंपनीने त्याच्यासाठी तार बनवली. तार नेहमी एकाच जागी, नटपाशी (मानेच्या टोकाच्या पट्टीपाशी) किंवा ब्रिजपाशी तुटत असेल तर मात्र तिथली धार आधी घासून गुळगुळीत करा. तो दोष वेगळा आहे.

१३. थंबपिक हवीच का? आणि नायलॉन की स्टील?

ब्रो थंबपिक आणि नखं वापरायचा. थंबपिकने हार्मोनिक टोकदार येतो, म्हणून प्रश्न ८ साठी ती घ्याच. अंगठ्याला घट्ट बसणारी हवी. सैल पिक फिरते आणि ती आवरण्यात अंगठा आखडतो. गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून प्लॅस्टिकची पिक हवी तशी वाकवता येते.

तारांचं म्हणाल तर जी गिटार घरात आहे तीच. ब्रो दोन्ही वाजवायचा. नायलॉनवर नखं टिकतात आणि स्पॅनिश फ्लेमेंकोच्या छेडी चांगल्या येतात (फ्लेमेंको गिटारवादक साबिकासच्या रेकॉर्डी ऐकून त्याने तेही आत्मसात केलं होतं). इलेक्ट्रिकवर हार्मोनिक्स सोपे जातात.

१४. त्याने रविशंकरांवर काही वाजवलंय म्हणे. खरं का?

हो. 'व्हेल्व्हेट टच'मध्ये 'इंडियन रिफ्लेक्शन्स फॉर रवी' आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी पश्चिमेतल्या अनेक वादकांना सतारीने झपाटलं होतं, ब्रो त्यातलाच. ऐकताना राग शोधू नका. सतारीच्या नादाने एका गिटारवादकाला काय सुचवलं, एवढंच त्यात आहे आणि तेवढं प्रामाणिक आहे.

१५. मृत्यूचं गूढ काय आहे?

लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या इमारतीच्या पोहण्याच्या तलावात मृतदेह सापडला. आधी बुडून मृत्यू वाटला, पण शवचिकित्सेत गळा आवळल्याचं निघालं. कुणावरही आरोपपत्र दाखल झालं नाही. इंटरनेटवर नावं घेऊन बरंच लिहिलं जातं, आम्ही ते इथे देत नाही. अधिक जाणून घ्यायचं तर त्याची मुलगी एमिली ह्यूजने केलेला 'द जीनियस ऑफ लेनी ब्रो' (१९९९) हा माहितीपट पाहा. त्यात त्याचे हातही जवळून दिसतात.

१६. कंट्री आणि जॅझ तर हँक गार्लंडने आधीच एकत्र आणले होते. मग ब्रोचं वेगळं काय?

आक्षेप रास्त आहे, आणि मागे अजून जाता येतं. १९३० आणि ४० च्या दशकांत बॉब विल्सच्या 'टेक्सस प्लेबॉइज'मध्ये एल्डन शॅम्ब्लिनसारखे गिटारवादक वेस्टर्न स्विंगमध्ये (कंट्रीच्या जॅझमिश्रित नाचाच्या संगीतात) हेच करत होते. १९५० च्या दशकात जिमी ब्रायंटने स्पीडी वेस्टच्या स्टील गिटारबरोबर बेबॉपच्या (जलद, गुंतागुंतीच्या जॅझच्या) वेगाने कंट्री वाजवलं. हँक गार्लंड नॅशव्हिलचा स्टुडिओ वादक, किशोरवयात 'शुगरफूट रॅग'मुळे गाजलेला. त्याचा १९६१ चा 'जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन' अस्सल जॅझ आहे. साथीला १७ वर्षांचा व्हायब्राफोनवादक गॅरी बर्टन आणि डेव्ह ब्रुबेकचा ड्रमर जो मोरेलो. त्याच वर्षी मोटार अपघाताने गार्लंडची कारकीर्द संपली. हे सगळे ऐकाच. पुढच्या काळातला गिटारवादक डॅनी गॅटनसुद्धा.

फरक असा : गार्लंड जॅझ वाजवताना कंट्रीचा अंगठा बाजूला ठेवून पिकने जॅझ गिटारवादकासारखा वाजवतो. ब्रायंट आणि शॅम्ब्लिन यांच्यामागे साथीला बँड आहे. ब्रो दोन्ही गोष्टी एकाच उजव्या हातात, एकाच क्षणी चालू ठेवतो. 'जॅझ विंड्स' आणि 'फाइव्ह ओक्लॉक बेल्स' पाठोपाठ लावा आणि दोन्हीकडे फक्त खालच्या तारांकडे लक्ष द्या.